दोन नंबरच्या खड्ड्याचे आठ टक्के

४ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी फोन आपटतं, म्हणून हे पत्र. कागदावर ओरडता येत नाही. बायको म्हणते, लिहायला लागलास की शिवी द्यायच्या आधी निदान स्पेलिंग तरी आठवावं लागेल.

बातमी अशी की मला मुकादम केलं. सतरा वर्षं जनावरं सोलली, आता त्यांच्या पोटातली घाण पुरायची. याला बढती म्हणतात. कत्तलखान्याच्या मागे भिंतीलगत चार खड्डे आहेत, दोन पुरुष खोल, ट्रक उभा राहील एवढे लांब. त्यात रक्त, आतडी, शेण ओतायचं, वर मातीचा थर, पुन्हा रक्त, पुन्हा माती. भरला की झाकायचा. सगळं कुजून माती झाली की उपसायचा आणि पुन्हा भरायचा.

मंगळवारी सोलणाऱ्या दोघांची जनावरं टांगायच्या आकड्यांवरून जुंपली. कुणाचा आकडा कुणी घेतला, एवढंच. एकानं दुसऱ्याच्या दंडात तो घातला तो पार आरपार. रक्त माणसाचं कुठलं नि जनावराचं कुठलं, कळेना. मी एकाच्या कानाखाली अशी वाजवली की तो नाल्यात बसला, आणि दुसऱ्याला तसाच दंडात आकडा घेऊन दवाखान्यात चालवत नेला. साहेब म्हणाले, मुकादम असाच पाहिजे.

आता कामाचं. चौथा खड्डा काठोकाठ आलाय. एक नंबर उपसणं चालू आहे, पण एकट्या त्यानं भागायचं नाही. दोन नंबर गेल्या मेमध्ये झाकला होता. तो कधी उघडता येईल? खणायला माझा लंबू तयारच आहे. साडेसहा फूट माणूस, अर्ध्या भरल्या खड्ड्यात उभा राहिला तरी टोपी वर दिसते. त्याची बायको, आमची सगळ्यांची वहिनी, शेजारच्या शेडमध्ये कातड्यांना मीठ चोळते. दुपारचा डबा दोघं खड्ड्याच्या कडेला बसून खातात. तिथं, त्या वासात! प्रेम आंधळं असतं ऐकलं होतं, पण त्याला नाकही नसतं.

तू माती कुजण्याच्या हिशेबात केस पांढरे केलेस. तर सांग.

तुझा ढाण्या


१३ फेब्रुवारी

ढाण्या,

अभिनंदन. पण कानाखाली वाजवलेलं इतकं चवीनं लिहू नकोस. बाबाही पट्टा काढला की आधी हसायचे, विसरलास? आपल्या घरात एक पट्टा पुरे झाला.

खड्ड्याचं विचारलंस ते बरं केलंस, माझं कामच ते आहे. माती म्हणजे नुसती धूळ नाही. मेलेलं जे काही तिच्यात जातं ते सूक्ष्मजीव खातात. ते किती वेगानं खातील याचा हिशेब करायचा तर आधी समीकरण निवडावं लागतं, आणि आमच्या लॅबमध्ये निम्मी भांडणं या निवडीवरूनच होतात. माझ्यासमोर तीन आहेत. तुझ्या धंद्याच्या भाषेत सांगते : जनावरं म्हणजे खड्ड्यातला माल, सोलणारे म्हणजे सूक्ष्मजीव.

पहिलं अगदी सरळ. आकड्यांना जेवढी जनावरं टांगलेली आहेत, त्यांचा ठराविक हिस्सा दर तासाला सोलून होतो. शंभर असतील तर दहा, पन्नास उरली तर पाच. सोलणारे किती, हा प्रश्नच नाही.

दुसऱ्यात सोलणारे मोजायचे. जनावरं कमी असतील तर माणसं रिकामी बसतात. जनावरं वाढली की कामही वाढतं, पण एका माणसाचा हात एका मर्यादेपलीकडे चालत नाही. मग माल कितीही येऊ दे, वेग तोच. शिवाय खायला मिळालं की हे सोलणारे वाढतात आणि नाही मिळालं की मरतात, तेही धरायचं.

तिसरं उलट्या बाजूनं. माल तेवढाच, माणसं वाढवत नेली. एका जनावराभोवती उभी राहणार तरी किती? कोपराला कोपर लागतं, आणि माणसं वाढवून वेग वाढत नाही.

दोन नंबरमधली माती पाठव, वेगवेगळ्या खोलीची. मी ती बरण्यांत भरून उबेला ठेवीन आणि रोज किती वायू निघतो ते मोजीन. आणखी एक. रक्त, आतडी, शेण याखेरीज खड्ड्यात काही पडतं का? नीट विचारून कळव.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

माती पाठवली, बारा पिशव्या. दोन नंबरचं झाकण काढायला साहेब परवानगी देईनात, म्हणून लंबूनं एक नंबरमधून भरली. माल तोच, माती तीच, भिंतसुद्धा एकच. तुला काय फरक पडतोय?

विचारलंस ते : रक्त, आतडी, शेण, थोडे खूर. बाकी काही नाही. उलट आम्ही हल्ली खड्डे इतके स्वच्छ ठेवतो की माशी बसत नाही. परवा आरोग्य खात्याचा माणूस आला, रुमाल नाकाला लावून तयारीनं उभा, आणि बघतो तर काय, माशी नाही! चकित होऊन गेला.

तुझी तीन समीकरणं मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितली. आमचा पैलवान एरवी सुरीशिवाय कशाकडे बघत नाही, तो म्हणाला, "पहिलं कुणी काढलं? त्यानं कधी कत्तलखाना बघितलाय का?" बरोबर बोलला. अगं, संप झाला तेव्हा चार दिवस आकड्यांना माल टांगलेला होता आणि एकही सुरी चालत नव्हती. तुझं पहिलं समीकरण म्हणालं असतं, दर तासाला दहावा हिस्सा सोलून झाला. माणसं मोजायची नाहीत तर हिशेब कसला करतेस, कपाळाचा?

राग मानू नकोस. बाबांचं काढलंस म्हणून मीही जरा बोललो.

ढाण्या


१९ मार्च

ढाण्या,

तू आणि तुझा पैलवान दोघांना लॅबमध्ये नोकरी देते. पण आधी ऐक.

तुझी माती तीन आठवडे चोवीस बरण्यांत ठेवली. ठिपके कागदावर मांडले, आणि पहिल्या समीकरणाची रेघ त्यांच्यावरून अशी गेली की जणू पट्टीनं ओढली. दुसरं आणि तिसरंही लावून पाहिलं. तीही बसतात, पण त्यांच्यात सूक्ष्मजीव किती, ते किती वेगानं वाढतात, किती मरतात, असे चार आकडे जास्तीचे लागतात आणि ते मी मोजलेले नाहीत. हवेतून काढावे लागतील. जे एका आकड्यात भागतं त्याला पाच कशाला? आमचे साहेबही हेच म्हणतात, आणि या वेळी ते म्हणतात म्हणून मी करत नाहीये, मलाही पटलंय. संप रोज होत नसतो रे. सूक्ष्मजीव सगळीकडे असतात आणि त्यांना युनियन नसते.

म्हणून पहिलं घेतलं. त्यानुसार झाकल्यापासून अकरा महिन्यांत, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, दोन नंबरमध्ये मालाचे आठ टक्के उरतील. बाकी सगळी काळी, भुसभुशीत माती. खुशाल उघडा. आठ टक्क्यांत वाससुद्धा यायचा नाही, तोंडाला फडकं बांधायची गरज नाही. लंबूला सांग, डबा खाली बसून खाल्लास तरी चालेल.

माशी बसत नाही हे वाचून बरं वाटलं. पोरगा सुधारला म्हणायचा.

ताई


२० एप्रिल

ताई,

डाव्या हातानं लिहितोय. उजवा दोन ठिकाणी मोडलाय. वाचता आलं तर वाच, नाही तर मर.

लंबू गेला.

सोळा तारखेला सकाळी झाकण काढलं. आठ टक्के! अगं, आतडं न् आतडं ओळखू येत होतं. अकरा महिन्यांनी! वरचा थर गुलाबी होता. माझ्या हातातलं फावडं तिथंच थांबलं होतं, पण साहेब मागे उभे, ट्रक दारात उभा, आणि खिशात तुझं पत्र. मी लंबूला म्हणालो, उतर.

उपसता यावं म्हणून कोपऱ्यात शिडीपुरती जागा मोकळी सोडलेली असते, तिथून तो शिडीनं उतरला. अर्ध्यावर थांबून वर बघत म्हणाला, "मुकादम, हे तर लोणचं मुरलंय," आणि हसला. तळाच्या कोपऱ्यात धुण्याच्या पाण्याचा पाइप फुटून पाणी झिरपत होतं, हे आम्हाला कुठं माहीत? तिथं काळं, फेसाळ, खदखदत होतं. त्यानं कुदळ घातली आणि वरचा पापुद्रा फुटला. सडक्या अंड्यांचा वास वर आला, आणि एका श्वासात यायचा थांबला. वास गेला म्हणून मला बरं वाटलं, ताई. मूर्ख मी. नाकच मेलं होतं. लंबू गुडघ्यावर बसला, मग तोंडावर.

पैलवान शिडीकडे धावला. मी फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं, दोन दात पडले, तरी उठला, तरी धावला. पुन्हा घातला. आणखी एक पोरगेला सोलणारा उडी मारायला निघाला, त्याच्या पोटात लाथ घातली. तिसऱ्याचा गळा धरून भिंतीवर आपटला. "सोड, तो मरतोय," म्हणून सगळे मला मारत होते आणि मी सगळ्यांना मारत होतो. मारलं नसतं तर पाच मढी वर काढली असती. तू म्हणतेस ना, बाबांचा पट्टा? तो पट्टा त्या दिवशी कामाला आला.

दोरीचा फास त्याच्या अंगात अडकेना. मग लांब दांड्याचा आकडा आणला, खाली पडलेलं धूड ओढायचा असतो तो. कमरेच्या पट्ट्यात घालायला गेलो, पट्टा तुटला. शेवटी खांद्यात घातला. मीच घातला. त्याला तसा वर ओढला आम्ही, जनावरासारखा. जिवंत होता की नव्हता मला माहीत नाही, आणि डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही.

वहिनी शेडमधून पळत आली. मी खाली पडलेला फावड्याचा दांडा उचलून तिच्यापासून लांब फेकायला गेलो, तर तिनंच तो हिसकावला. पहिला घाव डोक्यावर, तो चुकला. मग हातावर. हाड मोडल्याचा आवाज मलाच आला. कुणी तिला अडवलं नाही. मीही नाही.

चौकशी बसलीय. तुला शिव्या द्यायला बसलो होतो. डावा हात दमला.


२९ एप्रिल

ढाण्या,

पत्र लॅबमध्ये उघडलं. वाचून झाल्यावर चोवीसच्या चोवीस बरण्या एकेक करून भिंतीवर फोडल्या. शेवटच्या तीन राहिल्या तेव्हा साहेब आले आणि माझा हात धरला. मी त्यांना ढकललं, ते टेबलावर पडले. माझ्या तळहातात काच घुसली, सात टाके पडलेत. हे तुला का सांगतेय? रक्त आलं तेव्हा मला बरं वाटलं. मी तुझीच बहीण आहे, दुसरं काय.

फडकं बांधायची गरज नाही. हे मी लिहिलं. डबा खाली बसून खा, हेही मीच. ते वाक्य लिहिताना मी हसत होते रे. गेले सहा दिवस दुसरं काही डोक्यात येत नाही.

पण कुठं चुकलं ते मला कळत नाहीये. अकरा महिने ते कुजलं का नाही? आणि नाहीच कुजलं, तर तळाशी एवढा विषारी वायू आला कुठून? एकाच खड्ड्यात दोन गोष्टी कशा? नीट आठव. खड्ड्यात आणखी काय पडत होतं?

तुला अटक करतील का? वकील मी बघते. चौकशीत माझा आकडा होता म्हणून सांग.

ताई


६ मे

ताई,

चौकशीचा अधिकारी बुटका, शांत माणूस आहे. शांत माणसाची भीती वाटते. त्यानं विचारलं, खड्डा उघडायचा दिवस कुणी ठरवला? मी म्हणालो, मी. कशावरून? म्हणालो, अंदाजानं. तुझं पत्र मी चुलीत घातलं. तू नको मध्ये येऊस. तुला तिथं एकटीला राहायचंय, नोकरी आहे. माझं काय, मी पूर्वीपासूनच बदनाम.

त्यांनी दोन नंबरमधली माती सीलबंद करून नेली. तपासायला तुमच्याकडेच येईल, या भागात दुसरी लॅब कुठे आहे?

साहेबांनी मला घरी बसायला सांगितलंय, तरी मी रोज सकाळी फाटकापर्यंत जातो. वहिनीही येते. आली की मला मारते. कधी हातानं, कधी चपलेनं, एकदा बादली फेकली, कान फाटला. पैलवान मध्ये पडायला आला, त्याच्या नाकाला अजून पट्टी आहे. मी त्याला म्हणालो, हो बाजूला. मारून झालं की ती नळावर तोंड धुते आणि कामावर जाते. घरी पडून राहिली असती तर दोन दिवसांत संपली असती. मला मारायचं म्हणून उठते, पोळीचा तुकडा खाते, येते. एवढा तरी उपयोग होऊ दे माझा.

ढाण्या


१३ मे

ताई,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच आणि त्यातलं कुणाला सांगू नकोस.

काल पैलवान आला होता. खड्डा पुन्हा बुजवताना फावड्याला काळपट खडे लागले म्हणाला, एक सोबत आणला होता. मी जिभेवर ठेवून पाहिलं. मीठ. आणि माझ्या डोक्यात वीज पडली. तू दोनदा विचारलंस, काही पडतं का, आणि मी दोनदा त्या प्रश्नावरून सरळ निघून गेलो. मीठ मला घाण वाटलंच नाही! घाण विचारली होतीस ना तू? मीठ म्हणजे स्वच्छता.

कातड्यांना चोळून झालेलं काळपट मीठ शेडमध्ये ढिगानं उरतं. एक नंबर झाकल्यानंतर, दोन नंबर सुरू झाला तेव्हा लंबूला माश्यांनी हैराण केलं होतं. डोळ्यांत, कानात, डब्यात. वहिनी रोज संध्याकाळी घमेली भरभरून आणायची आणि खड्ड्यात ओतायची. त्याच्यासाठी. मी बघितलंय, मी शाबास म्हणालोय. आम्ही सगळे तिची थट्टा करायचो, नवऱ्याला मुरवून ठेवतेस का म्हणून.

आता कळलं तुला, कशानं कुजलं नाही ते? तिच्या मिठानं.

तिला हे माहीत नाही. तिला वाटतं, मी मारलं. तसंच वाटू दे. मी वर्ष-दोन वर्षं आत गेलो तरी चालेल. मातीत तुला मीठ सापडेलच, तुझ्यापासून काय लपणार? पण लिहू नकोस. दुसरं काहीही लिही. तुझ्या त्या समीकरणांतलं कुठलंही घाल, कुणाला कळतंय? आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पाया पडतो.

ढाण्या


१४ मे

ढाण्या,

तुला सोडवलं!

माती शुक्रवारी आली. साहेबांच्या हातापाया पडून मीच तपासायला घेतली. पहिल्याच चाचणीत मशीनचा काटा टोकाला जाऊन अडकला. मीठ, ढाण्या! वरच्या थरात इतकं मीठ की समुद्र परवडला. तू मला एक नंबरची माती पाठवली होतीस, तिच्यात मीठ नव्हतं, म्हणून माझी रेघ इतकी सरळ बसली. दोन नंबरमध्ये सूक्ष्मजीव जवळजवळ मेलेच होते. पहिल्या समीकरणात ते मोजलेलेच नाहीत, म्हणून ते बिचारं अकरा महिने रोज ठराविक हिस्सा वजा करत बसलं. खाणारंच कुणी नव्हतं! तुमच्या कत्तलखान्यातला संप, अगदी तस्साच.

मग मी चार रात्रंदिवस बसून दुसरं लावलं. सूक्ष्मजीव धरले, मिठानं होणारं त्यांचं मरण धरलं. आकडा आला, शंभरातले एक्याण्णव शिल्लक. अगदी तू पाहिलंस तसं. आणि तळाशी पाइपच्या पाण्यानं मीठ धुतलं गेलं, तिथं ते पुन्हा वाढले, पुढ्यात मुरलेला ताजा माल, हवा नाही. महिन्याभरात दुप्पट, चौपट, शेकडो पट. तो वायू. सगळं त्या एका समीकरणात बसतं, मीठ असलेलंही आणि धुतलेलंही. इतकं चोख काम मी वर्षानुवर्षांत केलं नव्हतं.

चौदा पानांचा अहवाल काल चौकशीकडे पाठवला. मुकादमाला हे कळणं शक्य नव्हतं, खड्ड्यात बाहेरून मीठ टाकलं गेल्यामुळे हे घडलं, असं स्वच्छ लिहिलंय. ज्या कुणी गाढवानं टाकलं असेल त्याला शोधू देत. तुझ्या अंगावरचं ओझं उतरलं. हाताला जप. आता तरी फाटकापाशी मार खायला जाऊ नकोस.

ताई


२७ मे

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या शेजारून गेली. माझं तुला मिळालं तेव्हा तुझा अहवाल इथं पोचला होता. तुझा फोन आला, मी उचलला नाही. उचलला असता तर काय बोललो असतो, देव जाणे.

काल सुनावणी झाली. कँटीनच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. त्या शांत माणसानं तुझी चौदाच्या चौदा पानं शांतपणे वाचली. त्याला वाटलं, एवढं काय, निर्जीव कागद. वहिनी तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिल्यांदा मीठ आलं तेव्हा तिनं मान वर केली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा आपल्या हातांकडे बघितलं. मी उभा राहिलो, ओरडलो, मीठ मी टाकलं, माझ्या हुकमानं टाकलं. तो म्हणाला, खाली बसा, आधीच्या जबाबात तुम्ही हे बोलला नाहीत. मी टेबल उलथवलं. दोघांनी मला धरलं, मोडक्या हातावरच धरलं. आणि तो वाचत राहिला. ज्या गाढवानं टाकलं, असं तू अहवालात लिहिलं नाहीस, एवढी दया केलीस.

मला सोडलं. निर्दोष. उद्यापासून कामावर.

आज सकाळी फाटकापाशी गेलो. वहिनी आली. हातात फावड्याचा दांडा होता, तोच. मला बरं वाटलं, म्हटलं, मारतेय. तिनं तो माझ्या डाव्या हातात दिला. म्हणाली, "मुकादम, महिनाभर मी तुम्हाला मारलं आणि तुम्ही गप्प खाल्लंत. तुम्हाला ठाऊक होतं. आता तुमची पाळी. मारा."

ताई, मी लहानपणापासून मारत आलोय. शाळेत, गल्लीत, कामावर. मला हात उचलता आला नाही. ती म्हणाली, मारा ना, मारा. मग तिनं फाटकाच्या लोखंडावर डोकं आपटायला सुरुवात केली. मी मागून धरलं तर दंडाचा लचका तोडला. पैलवान, मी आणि आणखी दोघं, चौघांना ती आवरेना. कपाळ फुटलं, भुवईवरचं हाड दिसत होतं. दवाखान्यात तिला पलंगाला बांधलंय. शुद्धीवर आली की एकच बोलते, "माश्या होत्या म्हणून टाकलं." नर्सला सांगते, झाडूवालीला सांगते, भिंतीला सांगते.

आता एक विचारतो आणि खरं उत्तर दे. तुझी चौदा पानं मी घरी आणून वाचली. डाव्या हाताच्या बोटानं ओळ न् ओळ मोजली. मीठ बावीस वेळा आहे. पाइप सहा वेळा आहे. तुझं ते दुसरं समीकरण, चोख, मोठ्या अक्षरात. आणि पहिलं समीकरण कुठंय? कुणी निवडलं होतं? एक नंबरची माती चालवून कुणी घेतली? आठ टक्के कुणाचे? खुशाल उघडा कुणी लिहिलं? एकदाही नाही. मी चौकशीत तुझं नाव गिळलं ते तुला वाचवायला. तू तुझ्या कागदावर का गिळलंस?

मला फसवायला नाही केलंस हे मला कळतं. मला सोडवायच्या नादात केलंस. पण तिथं बांधून पडलेली बाई समजते की जगात या मरणाला ती एकटीच जबाबदार आहे. आपण तिघं होतो, ताई. मी मीठ बघूनही सांगितलं नाही, आणि खड्डा गुलाबी दिसत असताना उतर म्हणालो. तू माणसं मोजली नाहीस. तिनं माश्या उडवल्या. माझं मी आज दवाखान्यात तिला सांगितलं, ती ऐकत नाही. म्हणते, तुम्ही मला वाचवायला खोटं बोलता, काल सुनावणीतही बोललात.

ढाण्या


३१ मे

ढाण्या,

खरं उत्तर : घाबरले होते. पहिल्या पानावर ते वाक्य लिहिलं होतं, "प्राथमिक आकडा याच लॅबमधून, माझ्याकडून गेला होता." दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मनाला सांगितलं, ढाण्यानं चौकशीत माझं नाव घेतलेलं नाही, मग मी कशाला गोंधळ वाढवू. माशी बसत नाही, हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. आतड्यांच्या खड्ड्यावर माशी बसत नाही आणि मातीची शास्त्रज्ञ म्हणवणारी बाई ते वाचून हसते! पहिल्या वर्षाच्या मुलानं विचारलं असतं, का बसत नाही म्हणून. माणसं मोज, हे एका सोलणाऱ्यानं मला सांगितलं आणि मी त्याची थट्टा केली.

आज चौकशीला पंधरावं पान पाठवलं. त्यात सगळं आहे, माझ्या सहीनं. साहेबांनाही दाखवलं. ते म्हणाले, विचार कर, नोकरी जाईल. मी म्हणाले, जाऊ दे.

पण कागदावर तिचा विश्वास बसणार नाही. कागद तिनं ऐकलाय. म्हणून निघालेय. मंगळवारी सकाळी सातच्या गाडीनं पोचते, स्टेशनवरून सरळ दवाखान्यात येईन. तुझं १९ मार्चचं पत्र तू जाळलंस, पण माझ्याकडे त्याचा कच्चा मसुदा आहे. तोंडाला फडकं बांधायची गरज नाही, डबा खाली बसून खा, सगळं माझ्या अक्षरात. तो तिला वाचून दाखवीन.

तू त्याआधी जा आणि नर्सला सांगून तिचे हात सोडव. तिला सांग, आठ टक्के म्हणणारी बाई येतेय. मी पलंगाजवळ उभी राहीन. जवळ जे सापडेल ते तिला उचलू दे.

आणि मध्ये पडू नकोस.

ताई